सत्तेचाळीस अंश आणि स्कॉटलंड

माझ्याकडे फिजिक्सची मास्टर्स डिग्री आहे आणि पाच मीटरची टेप आहे. या दोन्हींच्या जोरावर जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला जोडता येते, असं दोन हजार सहाच्या जूनपर्यंत माझं ठाम मत होतं!

इंग्लंडमध्ये लेस्टरला मी ज्यांच्या वरच्या खोलीत राहायचे, ते रघुवीरकाका भूलतज्ज्ञ. एप्रिलमध्ये रिटायर झाले. एकतीस वर्षांपूर्वी ते आणि मंजिरीकाकू या देशात आले, तेव्हा हॉस्पिटलच्या क्वार्टरमधल्या किचनमध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. "इथे जायचं," असं काकांनी काकूंना सांगितलं होतं. एकदा सीमेअलीकडच्या कार्लाइलच्या हॉटेलपर्यंत पोचलेही. पण तिथे हॉस्पिटलचा फोन त्यांच्या आधी पोचला होता.

रिटायर झाल्यावरही फोन थांबेना. "डॉक्टर, एवढा एकच वीकेंड करता का?" काका लोकांना आयुष्यभर झोपवत आले, पण नाही म्हणायला शिकले नाहीत. नऊ वीकेंडांपैकी सहा असेच गेले.

शेवटी काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, या सतरा तारखेला निघालो नाही, तर ते बेट कॅलेंडरमध्येच असतं, असं मी समजेन."

काका घाबरले. काकू ओरडतात तेव्हा ते घाबरत नाहीत.

त्यांनी एक जुना पिकअप घेतला आणि एक जुना ट्रेलर. ट्रेलर कसला, बाथरूमसकट वन-बेडरूम फ्लॅटच! तो पिकअपच्या मागच्या हुकाला लागत नाही. त्याचं नाक पिकअपच्या हौद्यावर चढतं आणि त्याची खीळ हौद्यात बसवलेल्या जाड लोखंडी हिचमध्ये अडकते, मोठ्या लॉरीसारखी. याला फिफ्थ व्हील म्हणतात. पण आमच्या पिकअपचा हौदा आखूड! म्हणजे जास्त वळलं, की ट्रेलरचा कोपरा थेट केबिनच्या काचेत.

"हिच निवडायचं काम देविकाचं," काकांनी जाहीर केलं. "ती फिजिक्सवाली आहे."

दुकानात टेरी नावाचा माणूस होता. त्याने हौद्याकडे एकदाच पाहिलं. "शॉर्ट बेड? मग स्लायडर घे, डक." लेस्टरमध्ये सगळ्यांनाच प्रेमाने डक म्हणतात. "अवघड वळणाआधी उतरायचं, हँडल ओढायचं, हिच फूटभर मागे सरकतो. मग खुशाल वळा."

"पावसात उतरायचं? सत्तराव्या वर्षी?"

"सहासष्टाव्या," काका हळूच म्हणाले.

मी वही उघडली. ट्रेलरची रुंदी, खिळीपासून नाकापर्यंतचं अंतर, खिळीपासून केबिनपर्यंतचं अंतर. "साधा हिच सत्तेचाळीस अंशांपर्यंत सेफ आहे! लेस्टरपासून स्कायपर्यंतची सगळी वळणं मी नकाशावर तपासलीत. सर्वांत वाईट वळण एकोणचाळीस अंशांचं. शिवाय साधा हिच तीस किलोंनी हलका!"

दंतवैद्य चॉकलेट खाणाऱ्या पोराकडे बघतो, तसं टेरीने माझ्याकडे बघितलं.

"देविका म्हणते ना, मग साधाच," काका म्हणाले.

सतरा तारखेच्या सकाळी निम्मं मराठी मंडळ निरोपाला आलं. कोणी चकल्या आणल्या, कोणी थालीपिठाची भाजणी. नीनाताईंनी दोघांना औक्षण केलं, हातावर दही दिलं आणि बजावलं, "आता मागे वळून बघायचं नाही आणि घरात पाऊल टाकायचं नाही. काम झाल्यावरच यायचं!"

काकूंनी दही खाल्लं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पिकअप सुरू झाला. आम्ही सगळे हात हलवू लागलो.

पिकअप फाटकातून सरळ बाहेर गेला. डावीकडे वळू लागला. आणि मला जगातली सर्वांत साधी गोष्ट कळली.

"थांबा!" मी किंचाळले. "काका, थांबा!"

ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेपासून दोन बोटांवर होता.

आमची गल्ली अरुंद. समोर शेजाऱ्यांच्या गाड्या. फाटकातून बाहेर पडायचं, तर जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. मी पाचशे मैलांची वळणं मोजली होती, पण आमच्या घराचं फाटक मोजलं नव्हतं!

काका मागे गेले, पुढे आले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मंडळी हात हलवतच होती. नीनाताईंचा उजवा दुखला, त्यांनी डावा घेतला.

"विकणाऱ्याने आणून ठेवला तसा त्यालाच बाहेर काढायला सांगा," मंडळातले शशिधरकाका म्हणाले. तो माणूस पंधरा दिवसांसाठी स्पेनला गेला होता. "मग जरा फिजिक्स लावा," ते माझ्याकडे बघत म्हणाले. चाळीस मिनिटांनी काकांनी ट्रेलर पुन्हा अंगणात घेतला आणि लोक चकल्या मागे ठेवून पांगले.

मी रडायच्या बेतात होते. टेरीला फोन केला. त्याने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, आणि ते जास्त लागलं. "स्लायडर गुरुवारी येईल, डक."

"चला, मग गुरुवारपर्यंत घरात," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात हार होती.

"अहो, दही खाल्लंय मी," काकू म्हणाल्या. "मी घरात येणार नाही."

आणि त्या ट्रेलरमध्ये शिरून दार लावून बसल्या. दोन मिनिटं काका अंगणात उभे राहिले. मग त्यांनी दार वाजवलं आणि तेही आत गेले.

अशा रीतीने दोघांची स्कॉटलंडची सहल घराच्या अंगणात सुरू झाली! घर आणि ट्रेलर यांतलं अंतर सहा मीटर वीस सेंटिमीटर. ते मी दिवसातून तीसदा चालले. "देविका, जिरं आण गं!" "देविका, यांचा चष्मा टीव्हीवर असेल!" पोस्टमन पत्रं ट्रेलरच्या खिडकीत द्यायला लागला.

रविवारी संध्याकाळी मी किचनच्या खिडकीत होते. दोघं बाहेर खुर्च्या टाकून चहा पीत होते. इतक्यात घरातला फोन वाजला.

काका अर्धे उठले. एकतीस वर्षांची सवय. चहा सांडला.

काकू त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आपण गावाला गेलोय."

फोन वाजत राहिला. माझा हात रिसीव्हरवर होता, पण मी उचलला नाही. रिंगा मोजल्या, ती माझी सवय. अकरा. नवव्या रिंगला काका खाली बसले. अकराव्यानंतर ते म्हणाले, "मंजिरी, इथून चंद्र छान दिसतो गं." आकाशात ढग होते. काकू "हो ना," म्हणाल्या.

गुरुवारी टेरी स्लायडर घेऊन आला. काकूंनी मला खिडकीतून खुणेने बोलावलं. "किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"यांना चार सांग." मग जरा लाजून, "आम्ही पत्ते खेळतोय. पहिल्यांदाच मी हरतेय."

मी चार सांगितले.

दुपारी हँडल ओढलं, हिच मागे सरकला, आणि ट्रेलर फाटकातून असा वळला, जसा रोजच वळतो! टेरीने माझ्या खांद्यावर थोपटलं. पिकअप कोपऱ्याआड गेला. अंगण एकदम केवढं मोठं दिसलं.

मी आत आले आणि फोन वाजला. मी तीन रिंगा मोजल्या आणि उचलला.

"देविका," काकूंचा आवाज मोबाइलवरून चिरका येत होता, "मिसळणाचा डबा! तुला जिरं भरायला दिला होता, तो ओट्यावरच राहिला. आम्ही मेन रोडला थांबलोय."

"मग या ना परत!"

"अगं, दही खाल्लंय!"

झाकण नीट न लागलेला डबा छातीशी धरून मी धावत सुटले. पोचले तेव्हा गळ्यापर्यंत हळदीने पिवळी झाले होते. अंतर किती होतं, ते मात्र मोजलं नाही.