चाळीस लिटर पुरावा

हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उज्ज्वलला तीन गोष्टींची मनाई केली होती: वजन उचलणं, खोकणं आणि हसणं. पहिली पाळणं सोपं होतं. दुसरी धोक्यात आली ती सॅव्हिओमुळे. सॅव्हिओ वसईचा, बहारीनच्या हूरा भागातल्याच एका हॉटेलात रिसेप्शनवर कामाला आणि उज्ज्वलच्या फ्लॅटमधला जोडीदार. त्याला सर्दी झाली होती. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी ती उज्ज्वललाही झाली.

मग उज्ज्वलने वाफेचं यंत्र काढलं. त्याचे वडील शामराव हे अमरावतीतले निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांनी ओळखीच्या माणसाबरोबर वाळवलेला गवती चहा पाठवला होता. बहारीनच्या कस्टमला मराठी वाचता येणार नाही, म्हणून पिशवीवर सुवाच्य इंग्रजीत लिहिलं होतं: ‘ड्राय ग्रास. फक्त वाफेतून घेण्यासाठी.’ शब्दकोशाप्रमाणे त्यात एकही चूक नव्हती.

सॅव्हिओचं इंग्रजी मात्र शब्दकोशातलं नव्हतं, हॉटेलातलं होतं. तिथले पाहुणे ग्रास म्हणत, तेव्हा ते हिरवळीबद्दल नव्हे, गांजाबद्दल बोलत. दुपारी ड्यूटीवरून आल्यावर त्याला ओट्यावर ती पिशवी दिसली. त्याने वास घेऊन पाहिला. नाक पूर्ण बंद. खोलीत गेला, तर उज्ज्वल डोक्यावर टॉवेल घेऊन यंत्रावर वाकलेला.

"उज्ज्वल, हे... ते पिशवीतलं कोणी दिलं तुला?"

"बाबांनी धाडलं," टॉवेल म्हणाला.

"ते स्वतः घेतात?"

"रोज. आमच्या घरी सगळेच घेतात. मागच्या अंगणात लावलं आहे ना."

सॅव्हिओ मटकन खुर्चीत बसला. "आणि घेतल्यावर वाटतं कसं?"

"हलकं वाटते बे. तू पण घे दोन मिनिटं. तुझं डोकं आजकाल जरा कमीच चालून राहिलं."

सॅव्हिओने घड्याळ पाहिलं. चारला रहिमतुल्ला येणार होते. मीना सलमान बंदरातल्या ज्या वर्कशॉपात उज्ज्वल टेक्निशियन होता, तिथले ते ॲडमिन ऑफिसर. उज्ज्वलच्या बायकोच्या, अक्षताच्या, व्हिसाचा अर्ज त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता आणि उद्यापासून ते दोन महिने रजेवर होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले एकोणचाळीस दिवस नवरा-बायको एका गावात होते.

पावणेचार झाले होते. सॅव्हिओने पिशवी बाथरूममध्ये नेली, टबात उलटी केली आणि नळ पूर्ण सोडला. सगळं वाहून जाईल, असा त्याचा अंदाज होता. पण पात्यांचे तुकडे दोन-दोन इंचांचे होते, ते जाळीवर जाऊन बसले. शिवाय महिना जुलैचा. टाकी गच्चीवर तापत असल्यामुळे थंड नळालाही अठ्ठेचाळीस अंशांचं पाणी येत होतं. दहा मिनिटांत टबातलं पाणी पिवळं-हिरवं झालं आणि नाक चालू असलेल्या कोणालाही जिन्यातूनच सुगंध यायला लागला. सॅव्हिओने नळ बंद केला, दार ओढून घेतलं, तेवढ्यात बेल वाजली.

रहिमतुल्ला आत आले. त्यांनी दोनदा हवा हुंगली.

"एसी का स्मेल है, सर," सॅव्हिओ म्हणाला.

उज्ज्वलजवळ बसून रहिमतुल्लांनी कागद काढले. "तबियत कैसी है? कुछ खाया?"

"खाया ना, सर," उज्ज्वल आपल्या हिंदीत म्हणाला. "सुबह से दो घास लिया."

सॅव्हिओने डोळे मिटले.

"सिर्फ दो?"

"तीन लिया तो चक्कर आता है, सर. पर ये सॅव्हिओ लोग जबरदस्ती करता है. बोलता है, और एक ले, और एक ले."

"मैं नही बोला," सॅव्हिओ म्हणाला. "सर, मैं तो चर्च जाने वाला आदमी है."

पेनाची शाई बोटांना लागली होती, म्हणून रहिमतुल्ला हात धुवायला उठले. सॅव्हिओ दारात आडवा आला आणि गडबडीत अरबी ‘नाही’वर उतरला. "बाथरूम मफी, सर. पानी मफी." ते बाजूने आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चिमटीत एक ओलं पातं होतं.

"सर, पोलिस को मत बोलो," सॅव्हिओचा बांध फुटला. "बीमार आदमी है. उसका फादर आदत लगाया. फादर भी लेता है, मदर भी लेता है, पीछे पूरा खेती है. मैं सब खलास कर दिया."

"कोणती आदत बे?" उज्ज्वलने विचारलं.

रहिमतुल्लांनी पातं चोळलं, नाकाशी नेलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "माझी आई दापोलीची. आमच्या विहिरीपाशी हे कमरेएवढं वाढायचं. घास म्हणजे काय, तेही मला कळतं."

"मग हे काय आहे, सर?" सॅव्हिओने विचारलं.

"गवती चहा. आत चाळीसेक लिटर तयार आहे. साखर तेवढी राहिली."

डॉक्टरांची तिसरी मनाई तिथे मोडली. उज्ज्वल पोटावर उशी दाबून हसत होता आणि मधूनमधून "टाके, टाके" म्हणत होता.

रहिमतुल्लांनी अर्ज मांडीवर घेतला. ‘तातडीचं कारण’ हा रकाना उज्ज्वलने कोरा ठेवला होता. त्यांनी थोडा विचार करून तो इंग्रजीत भरला. सॅव्हिओने मागून वाकून वाचलं. मजकुराचा अर्थ असा होता की, रुग्णाची काळजी घ्यायला घरात एकही शहाणं माणूस नाही.

"पण सर, मी आहे ना घरात," सॅव्हिओ म्हणाला.

"हो," सही करत रहिमतुल्ला म्हणाले, "जागा असती तर तेही लिहिलं असतं."