बापूकाकांचा घरचा डबा

आमच्या बापूकाकांनी घरचा डबा कधी खाल्ला नाही. उद्यमनगरातल्या त्यांच्या शेडमध्ये जेवायची सुट्टी झाली की ते सगळ्यांचे डबे ओढायचे, पत्ते पिसल्यासारखे फिरवायचे आणि वाटून टाकायचे. वर ऐकवायचे, "रोज त्योच डबा खाणाऱ्याचं डोकंबी जाग्यावरच फिरतंय!"

काका लेथवर, कासिमभाई पत्राकामाला, उचगावचे कांबळे जळक्या मोटारींत नवी तार भरायला, चंदगडचे गावडे ड्रिलवर. मी शेजारी वेल्डिंगला, पण जेवायला तिथंच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकदा गावड्यांच्या डब्यातली काजूची उसळ कासिमभाईंच्या वाट्याला आली.

"ह्या बिया फोडतंय कोण?" त्यांनी विचारलं.

"आई. चिकानं बोटांची सालं गेल्यात तिच्या," गावडे म्हणाले.

झालं! काजू फोडायचं यंत्र करायचं ठरलं, चौघांच्या भागीदारीत. पहिल्या दिवशी वरून बी घातली, खालून पीठ आलं. "आरं, गिरणी झाली की ही!" काका बोंबलले. मग कांबळ्यांनी मोटार हळू केली, कासिमभाईंनी पातं वाकवलं आणि अख्खा गर टुणकन बाहेर पडला. काका आनंदानं नाचायचेच बाकी होते. त्याच तोऱ्यात त्यांनी तिघांना घरी जेवायला बोलावलं.

काकांचं लग्न झालेलं नव्हतं. ते आमच्यातच राहायचे. माझ्या आईनं झकास तांबडा-पांढरा रस्सा केला. वाढताना काका आणि गावड्यांपुढं स्टीलची ताटं ठेवली, कांबळे आणि कासिमभाईंपुढं पत्रावळी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कांबळ्यांनी एकदा पत्रावळीकडं पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. गल्लीभर आवाज असलेले काका वहिनीपुढं चकार शब्द बोलले नाहीत. मान खाली घालून रस्सा ढवळत बसले.

दुसऱ्या दिवशी कांबळे येतात की भागीदारी मोडते, याची मला धास्ती. ते आले. पण जेवायच्या सुट्टीत काका घरचा डबा घट्ट धरून पाठमोरे बसले होते.

"ह्यो माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. कुणाला द्यायच्या लायकीचा न्हाय."

कांबळ्यांनी तो ओढून घेतला आणि आपला डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"पत्रावळीचं लागलं, बापू. खोटं कशाला बोलू? पण तू गप बसलास, ते जास्त लागलं. जेव आता."

काकांनी कांबळ्यांचा डबा उघडला. डोळे पुसून ते कसंबसं म्हणाले, "ऐतवारी परत या की घरला. ताटं मी मांडतो."

आईनं केलेली चपाती मोडत कांबळे म्हणाले, "बघू."