हैदराबाद गाडीचे नाना

आमचे नाना विमानाला गाडी म्हणतात. विमान उतरलं की "गाडी लागली", उडालं की "गाडी सुटली", आणि धुक्यामुळे आलंच नाही तर "फेरी रद्द". माणसाचा जन्म धुळ्याच्या एसटी स्टँडवर गेलेला. वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, जळगावला आमच्या शेजारी घर बांधलं, आणि स्टँड सुटल्याच्या दुःखात दोन महिने तोंड पाडून बसल्यावर त्यांना विमानतळ सापडला.

तेव्हापासून रोज दुपारी नाना मोपेडवरून विमानतळाच्या फाटकाशी जातात, चहाच्या टपरीवर ठाण मांडतात आणि आत जाणारी माणसं मोजतात. संध्याकाळी गल्लीत बातमीपत्र. हैदराबादला एकावन्न शीट, गोव्याला बत्तीस, गोव्याचं काही खरं नाही. विमान आपलं सत्तरेक माणसांचं, पंख्यांचं. मोठं विमान इकडे का येत नाही, असं कुणी विचारलं की नाना त्याच्याकडे असे बघतात, जसा काही तो शिंदखेड्याला रोज दहा आरामगाड्या सोडा म्हणतोय. मग ठरलेलं उत्तर येतं.

"बठ्ठं भारमानवर शे, भाऊ."

म्हणजे सगळं भारमानावर आहे. आणि भारमान म्हणजे शंभर जागांमागे भरल्या किती. एसटीत भारमान पडलं की फेरी बंद होते. नानांच्या हिशेबी माणसांची लग्नं मोडतात तीसुद्धा भारमान कमी पडल्यामुळेच.

विमान कंपन्यांची भागीदारीही त्यांनीच मला समजावली. आपली छोटी कंपनी माणूस हैदराबादला नेऊन सोडते, तिथून मोठी कंपनी त्याला दुबईला नेते, तिकीट एकच. शिंदखेड्याचं शीट धुळ्यात आणून पुण्याच्या गाडीला लावून द्यावं, तसं. पेपर वाचून मला एवढं कधी कळलं नव्हतं. पेपरात पुढाऱ्यांचे फोटोच मोठे असतात. आमच्याकडे विमान बंद पडून पुन्हा सुरू झालं की पुन्हा फीत कापतात, त्यामुळे विमानापेक्षा उद्घाटनं जास्त वेळेवर होतात. मागच्या वेळी एका पुढाऱ्याने भाषणाच्या भरात लंडनची गाडी कबूल करून टाकली. टाळ्या पडल्या. नाना माझ्या कानात म्हणाले, की याला आधी हैदराबादला धाडा, एक शीट तरी वाढेल.

हैदराबाद म्हणजे नानांचा जीव की प्राण. बाकी गाड्या राहोत न राहोत, हैदराबादची शनिवार-रविवारची फेरी बंद पडता कामा नये, यासाठी त्यांनी सगळ्या गावाला वेठीला धरलं होतं. माझी दाढ दुखली तर म्हणाले, हैदराबादला दातांचे डॉक्टर फार चांगले. समोरच्या अक्कांना मोत्यांची माळ घ्यायची होती, त्यांना सराफ बाजारातून परत फिरवलं. कंपनी यांना कमिशन देते, असं गल्लीत पक्कं ठरलं. मीही त्यात आनंदाने भर घातली, खोटं कशाला बोलू.

मग डाळमिलवाले शांतिलालजी नानांच्या तावडीत सापडले. पुतण्याचं लग्न हैदराबादला होतं. नानांनी अख्खं वऱ्हाड रेल्वेतून उतरवून विमानात बसवलं आणि वर शिकवणीही घेतली. पिशव्या कमी घ्या, पाणी पिऊन घ्या, आणि खिडकी पाहिजे असेल तर आधी पळत जाऊन रुमाल टाका. आमच्या विमानतळावर विमानापर्यंत पायीच चालत जावं लागतं. दार उघडल्याबरोबर साठीचे शांतिलालजी धोतर सावरत धावले, मागे बायका, मागे नवरदेव. विमानात चौदा सीटांवर चौदा रुमाल. हवाई सुंदरी बिचारी प्रत्येकाला तिकिटावरचा आकडा दाखवत फिरत होती. शांतिलालजींनी परत आल्यावर नानांना भर चौकात विचारलं, की तुम्ही स्वतः कधी विमानात बसला आहात का? नानांनी विषय बदलला. बसले नव्हतेच. विमान जमीन सोडतं तेव्हा हा माणूस डोळे मिटून घेतो, हे मी टपरीवर स्वतः पाहिलंय.

नानांची मुलगी ज्योती हैदराबादलाच दिलेली. दोन-तीन महिन्यांनी शनिवारी दुपारच्या विमानाने यायची आणि रविवारी दुपारच्या विमानाने जायची. कुणाशी बोलायची नाही, दारात दिसायची नाही. आई नाही, बाप एकटा, आणि ही एका रात्रीची पाहुणी. नवऱ्याच्या पगाराचा माज, असं अक्का म्हणाल्या. मला ते पटलं होतं.

या उन्हाळ्यात वेळापत्रक बदललं. हैदराबादचं विमान मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारची फेरी गेली. नानांनी कागदावर "विषय: रविवारची फेरी पूर्ववत चालू करणेबाबत" असं लिहून गल्लीच्या सह्या घेतल्या आणि मला बरोबर घेऊन कंपनीच्या खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने अर्ज नीट वाचला. हे वरून ठरतं, म्हणाली. मग सहज विचारलं, "काका, आठवड्यात तीन दिवस विमान आहे ना. रविवारच कशाला पाहिजे?"

मला वाटलं, आता भारमान काढतील.

"आमचे जावई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत," ते म्हणाले. "मोटरसायकलवरून पडले. कमरेखाली काही हलत नाही. पोरगी दिवसा नोकरी करते, रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलते. शनिवारी तिची नणंद येते, ती रविवारी संध्याकाळी जाते. तेवढ्यात पोरगी माझ्याकडे येते. येते आणि झोपते, बाई. दुसरं काही करत नाही. जेवायलासुद्धा मी उठवत नाही."

मला तर त्या माज शब्दाने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं शेजारी राहून मी त्यांना साधं विचारलंही नव्हतं, की ज्योती बरी आहे ना.

परत येताना नाना म्हणाले, "ती येऊ शकत नाही तर मीच जातो. रात्री जावयाजवळ मी बसेन. स्टँडवर रात्रपाळ्या काय कमी केल्या?" मी म्हटलं, रेल्वेने जा, तुम्हाला विमानाची भीती वाटते. ते म्हणाले, रेल्वेने तिची आणखी एक रात्र जागण्यात जाईल.

शनिवारच्या विमानाचं एकही तिकीट शिल्लक नव्हतं. रेल्वेतही त्याआधी जागा नव्हती; मंगळवारचं विमान मिळालं. मी त्यांना सोडायला गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी. टपरीकडे त्यांनी पाहिलंही नाही. दारापाशी माझं मनगट धरलं.

"भाऊ," नाना म्हणाले, "मोबाईलवर ती हसूनच बोलते. तिथं मला बघून रडली, तर काय करायचं असतं हो? तिची आई असती, तर तिला माहीत असतं."

मी म्हटलं, "रडू द्या, नाना. मग झोपू द्या."

त्यांनी मान हलवली, ओळखपत्र शिपायाला दाखवलं आणि आत गेले.