घरत गुरुजींची रंगीत तालीम

पगार झाला की त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला घरत गुरुजी मरायचे.

घाबरू नका. जेवणाच्या वेळेला ते उठून बसायचे आणि तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण असं हाणायचे की जित्या माणसानं लाजावं. पण मधला वेळ ते पडवीतल्या खाटेवर छातीपर्यंत चादर ओढून, डोळे मिटून, अगदी नियमानुसार मेलेले असत. तेवढ्या वेळात हिराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विधवा व्हायचं आणि कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर करून घ्यायचं. ऑफिसातला क्लार्क मी. माझ्या नोकरीतलं पहिलं प्रमोशन म्हणायचं ते हेच.

मी साताऱ्याकडची. डी.एड. झाले आणि सीवूड्सजवळच्या खाडीकाठच्या गावात सरकारी प्राथमिक शाळेत चिकटले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका अंगाला सोसायट्यांचे पिलर वर चाललेले, दुसऱ्या अंगाला वाळत घातलेली मासळी, आणि मधे आमची कौलारू शाळा. राहायला मामाकडे, नेरूळला, वन रूम किचनमध्ये पाच माणसांत सहावी. त्यामुळे पगार कधी होतो हा माझ्या दृष्टीनं जिव्हाळ्याचा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी मी तो मुख्याध्यापकांना भीत भीत विचारला. उत्तर आलं ते कोपऱ्यातून. तिथं पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशीचे, सडसडीत असे एक गृहस्थ चौथीच्या वह्या तपासत बसले होते.

"नामनिर्देशन भरलंत का?"

मी म्हटलं, ते काय असतं?

"समजा, उद्या तुम्ही नाही. तुमचे पैसे कोणाला द्यायचे?"

लोक नव्या बाईला निदान चहा विचारतात. या माणसानं हजेरीवर सही व्हायच्या आत मला खपवून टाकलं. मला असा संताप आला म्हणता! संध्याकाळी मामीला सांगितलं, शाळेत एक यमदूत आहे आणि त्याला चौथीचा वर्ग दिलाय.

पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत या यमदूतानं माझी शिकवणी घेतली. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं, मग कपाती. मी तरुण, मला हातात किती पडणार एवढंच कळून घ्यायचं होतं. गुरुजींना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांचं म्हणणं, हातात पडतो तो वाण्याचा, कापला जातो तो आपला. भविष्य निर्वाह निधी हा शब्द ते असा उच्चारायचे, जसं दुसरं कुणी नातवाचं नाव घ्यावं. अंशराशीकरण हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला तो एखादा पोटाचा विकार वाटला होता. निवृत्त होताना पेन्शनीतला काही भाग एकरकमी घ्यायचा, त्याला म्हणतात ते. त्यांनी फळ्यावर भाकरी काढून, तिचा तुकडा पाडून समजावलं. माझं सेवापुस्तक त्यांनी स्वतः उघडून घेतलं आणि ओळखीची खूण म्हणून हनुवटीवरचा तीळ लिहिताना तो खरा आहे ना, हे चष्मा वर करून बघितलं.

शाळेत सगळे त्यांची टर उडवायचे. मीही उडवायचे. पण माझा पहिला पगार कुठल्याशा दाखल्यापायी अडकला, महिने सरायला लागले, मामीचा आवाज बदलायला लागला, तेव्हा स्वतःची किरकोळ रजा टाकून गुरुजीच माझ्याबरोबर तालुक्याला आले. दिवसभर बाकड्यावर बसले. कुणावर आवाज चढवला नाही, फक्त दर थोड्या वेळानं उठून खिडकीशी जात आणि पुढचा नियम विचारत. संध्याकाळी काम झालं. त्यानंतर मी त्यांना यमदूत म्हणायचं सोडलं. आणि त्यांनी मला रविवारच्या तालमीला बोलावलं.

हे वेड आलं कुठून, ते काकूंनीच एकदा मासे साफ करता करता सांगितलं. गावच्या जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा गुरुजींच्या घरातही पैसा आला. भावांनी जीप घेतली, लग्नं वाजवली, आणि आला तसा तो गेला. गुरुजींचे वडील वारले. मागं राहिलेल्या आईला, जिनं उभी हयात भाताची खाचरं राखली, तिला मशेरीपुरत्या पैशासाठी सुनांच्या तोंडाकडे बघत उंबऱ्यात बसावं लागायचं. गुरुजी द्यायचे, पण तिला मागावं लागायचं हे त्यांनी पाहिलं होतं. काकू त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हा आपण आधी जाणार हे गुरुजींनी गणितासारखं पक्कं धरलं होतं. आपल्यामागं हिच्यावर कुणापुढं हात पसरायची पाळी येऊ नये, एवढा एकच ध्यास त्यांना होता.

तर तालीम. मी टेबलामागं बसायचे. गुरुजींची सूचना अशी की क्लार्कनं अजिबात मऊ वागायचं नाही. ते मला जड गेलं नाही, मी तालुक्याला दिवस काढला होता. काकू पहिल्या खेपेला आल्या त्या जासईच्या माहेरची हिरवी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. खाटेवरचं प्रेत उठून बसलं आणि म्हणालं, विधवा बाई अशी येते काय ऑफिसात?

काकू म्हणाल्या, "जित्ता दादला म्होरं पडला हाय, मी गजरा कशाला काडू?"

प्रेतानं गजऱ्याकडे एकदा पाहिलं. ते परत आडवं झालं.

मी विचारायचे, मृत्यूचा दाखला? काकू द्यायच्या. म्हणजे दाखल्याच्या जागी रेशनकार्ड. मुख्याध्यापकांचं पत्र? विजेचं बिल. मी म्हणायचे, साहेब नाहीत, उद्या या. काकू लगेच वळून स्वयंपाकघराकडे चालायला लागायच्या, तसे गुरुजी चादरीतून ओरडायचे, जाऊ नको, अर्जावर पोच घे आधी. "मेलेल्या मानसानं बोलाचं नाय," असं काकू त्यांना दटावायच्या. पुढं पुढं त्या इतक्या तयार झाल्या की मलाच घाम फुटायला लागला. एकदा तर त्यांनी पदराखालून सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पुरचुंडी काढून गुपचूप माझ्याकडे सरकवली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि अर्ज पास केला. गुरुजी उठून दोघींवर जे बरसले! लाच देणार नाही, असं त्यांनी काकूंकडून तीनदा वदवून घेतलं. पुरचुंडी मात्र मी घरी नेली.

अंगठा चालणार नाही, सहीच पाहिजे, हा गुरुजींचा हट्ट. भाकरीसाठी परातीत पीठ पसरलं की काकू त्यात बोटानं हिरा लिहायच्या, गजानन हे नवऱ्याचं नाव लिहायच्या, आणि घरत येईपर्यंत तवा तापायचा. वर्षभरात सही बसली. मग बँकेत नेऊन त्यांच्या नावाचं खातं उघडलं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो हे ऐकल्यावर काकू खूप हसल्या. मी जिती हाय हे सांगाला मीच जावाचं काय, असं विचारत राहिल्या. व्हय, म्हणाले गुरुजी, दर वर्साला जावाचं, चुकवाचं नाय. घरात ते असंच बोलायचे. शुद्ध भाषा शाळेपुरती आणि नियमांपुरती.

पाचवा वेतन आयोग लागला तेव्हा स्टाफरूममध्ये कुणाचा फ्रिज ठरला, कुणाची मोटारसायकल. गुरुजी कोपऱ्यात बसून आकडेमोड करत होते. मी वाकून पाहिलं तर काकूंची पेन्शन किती वाढेल ते काढत होते. स्वतःचा पगार त्यांनी अजून मांडलाही नव्हता.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना काकूंच्या पोटात दुखायला लागलं. कोणत्याही ऑफिसात पोच मागायला शिकलेली ती बाई, घरात मात्र बोलली नाही. ओवा खाल्ला, सोडा प्यायली, रविवारी विधवा झाली. वाशीच्या हॉस्पिटलात नेलं तोवर फार उशीर झाला होता. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. अजून आठवलं की जीव हळहळतो. त्या घरात इतक्या वेळा मरण येऊन गेलं, आम्ही त्याच्यावर हसलो, जेवलो, आणि ते खरं कुणाच्या दारी उभं आहे ते एकालाही दिसलं नाही.

त्या दिवशी गर्दीत गुरुजी मला म्हणाले, "शिंदेबाई, माझा धुतलेला शर्ट कुठं असतो?" मला कसं माहीत असणार? ते सगळ्यांना हेच विचारत फिरत होते.

पुढच्या पगारानंतरच्या रविवारी जावं की न जावं, मला कळेना. शेवटी गेले. गुरुजी स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून वास घेऊन बघत होते. साखर सापडत नव्हती. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे एकाही डब्यावर नाव नव्हतं. कुठं काय आहे ते त्यांच्या हाताला ठाऊक. वेगळी राहणारी मुलं वाईट नव्हती हो. थोरल्याचा जासईला कंटेनर यार्डात डंपर चालायचा, तो आमच्याकडे राहायला या म्हणून मागं लागला होता. गुरुजी हो म्हणायचे आणि जायचे नाहीत.

निवृत्तीची कागदपत्रं द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. क्लार्क तरुण होता, बोलायला गोड. माझ्यासारखा नव्हता. त्यानं फाइल उलटली. पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो, तो गुरुजींनी लावला नव्हता, त्याऐवजी मृत्यूचा दाखला जोडला होता. क्लार्कनं कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकान्यावर शांतपणे आडवी रेघ मारली. गुरुजी ती रेघ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं,

"मग तिच्या वाट्याचं कोणाला जाईल?"

क्लार्कनं वर पाहिलं. बिचारा म्हातारा, नियम माहीत नसणार, असं त्याला वाटलं असावं. अडाण्याला सांगावं तसं तो सावकाश सांगायला लागला, की पत्नी हयात असेल तरच ते मिळतं, मुलं मोठी झाली की त्यांनाही नसतं, त्यामुळे ते कुणालाच जात नाही, ते तिथंच संपतं. मला त्या पोराचा असा राग आला. अरे, हा नियम या माणसानं मला फळ्यावर लिहून शिकवलाय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण गुरुजी हात जोडून ऐकत होते, जणू पहिल्यांदाच कळतंय. झाल्यावर म्हणाले, बरं. पोच घ्यायची मात्र ते विसरले. मी मागून घेतली.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले. माझ्याशी आजवर ते कधी घरच्या भाषेत बोलले नव्हते.

"बाय, तिला मी सगलं शिकवून ठेवलं हुतं. ती आदी जाईल ह्यो विचारच मी केला नाय."

रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. रिक्षात बसल्यावर त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, शर्ट बराच मळलेला होता, आणि बाहेर बघत त्यांनी हळूच विचारलं, भाताला पाणी किती घालतात.

मी सांगितलं, तांदळाच्या दुप्पट. नवा तांदूळ असला तर थोडं कमी.

"दुप्पट," ते पुटपुटले. "नवा असला तर कमी." आणि चौथीतल्या पोरासारखं त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं.