मेव्हणा दिसला की पडदा काळा

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर काशीशेठच्या डोक्यावर तीन ठिकाणी पांढरी पेस्ट असते. एक ठिपका टाळूवर, एकेक कानांपाशी. ते ती पुसत नाहीत. करंजाड्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, कबुतराने काम केलं. तो मोठ्या मनाने रुमाल पुढे करतो. काशीशेठ रुमाल परत देतात आणि म्हणतात, "राहू दे. आत काम चालू हाय."

काम मेंदूचं असतं. काशीशेठ आमचे घरमालक. खाली ते राहतात, दुसऱ्या मजल्यावर आम्ही. शेती सरकारी भूसंपादनात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि काशीशेठना सकाळपासून काही काम उरलं नाही. ते पिऊ लागले. आधीही पीत होते, पण शेतावर जायला तरी उठायचे. गेल्या वर्षी ते व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रविवारची मीटिंग लावून दिली आणि जोडीला नवीन पनवेलच्या एका दवाखान्यात मेंदूच्या लहरींचं प्रशिक्षण सुचवलं.

डोक्याला पेस्टने तारा चिकटवतात. समोर पडद्यावर चित्रफीत लागते. मेंदू शांत आणि जागा असला की चित्र स्वच्छ दिसतं. तो भरकटला, पेटला किंवा बाटलीच्या दिशेने चालू लागला की चित्र अंधारत जातं आणि आवाज बसतो. चित्र परत आणायचं तर बटण नाही. मेंदूनेच परत यायचं. तिथल्या श्रुती मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, हे नुसतं मदतीला आहे. गोळ्या आणि मीटिंग सोडायची नाही."

काशीशेठनी मान हलवली आणि कॉम्प्युटरपुढे नारळ फोडायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. नारळ जिन्यात फुटला.

मी तिथे कसा, हे सांगायला हवं. काशीशेठना साक्षीदार हवा होता. "तुमी पेपरवाले. जे दिसल ते लिवता," असं म्हणून त्यांनी मला गाडीत बसवलं. त्यामुळे पुढचं बरंचसं मी समक्ष पाहिलेलं आहे.

दुसऱ्याच खेपेला पडद्यावरच्या रेघेने एकदम उंच उडी घेतली. काशीशेठनी त्या आलेखाची प्रत मागून घेतली, लॅमिनेट केली आणि देवघरात गणपतीच्या शेजारी लावली. आळीत पेढे वाटले. शुक्रवारी मॅडमनी विचारलं, "काका, तोंडात काय आहे?" सुपारी होती. ती उडी मेंदूची नव्हती, जबड्याची होती. त्यांची बायको, आमच्या निरावहिनी म्हणाल्या, "काढा तो फोटो. देवाला पण फसवलंव." काशीशेठ म्हणाले, "जबडा पण माझाच हाय." आलेख अजून तिथेच आहे.

दवाखान्यात जी चित्रफीत लावत, तिच्यात डॉल्फिन होते. निळं पाणी, संथ संगीत. काशीशेठचा पडदा मिनिटभरात काळा व्हायचा.

"मॅडम, यो मासा बंद करा."

"का? शांत वाटतं ना बघून?"

"मासा दिसला की तळलेला दिसतो. तळलेला दिसला की पुढचं आठवतं."

"डॉल्फिन मासा नसतो, काका."

"पाण्यात हाय ना?"

 मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. घरून आवडीची चित्रफीत आणायची मुभा त्या दिवशी मिळाली.

दरम्यान काशीशेठनी आसपासच्यांचे मेंदूही तपासायला घेतले. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तर ते खिडकीतून सांगत, "बीटा वाढलाय तुझा." बीटा म्हणजे तापलेल्या मेंदूची लहर. इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या पंपावरून आवाज चढले, तेव्हा ते उठले. "सगळ्यांचा पडदा काळा झालाय. पाच मिन्टं गप बसा." लोक आश्चर्याने खरोखर गप्प बसले. आमच्या इमारतीत असं त्याआधी घडलेलं नव्हतं. नाक्यावरच्या जुन्या मंडळींनी चिडवलं, "काय रे काशा, डोकं चार्जिंगला लावतात काय तुझं?" काशीशेठ म्हणाले, "लावतात. तुझं पण लावलं असतं, पण पिन बसायला जागा पायजे."

हे सगळं चाललं होतं, कारण घरात लग्न ठरलं होतं. धाकटी मनाली. तिने बापापाशी बसून एकदाच सांगितलं होतं, "पप्पा, हळदीच्या दिवशी घेतलीत तर कन्यादानाला मामा बसेल. मी मामाला सांगून ठेवलंय." हळद म्हणजे आगरी घरात लग्नाहून मोठा कार्यक्रम. डीजे, मटण आणि टेबलाखाली बाटल्यांचे खोके. त्या दिवशी न पिणारा माणूस आजारी समजला जातो.  मनाली बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी काशीशेठ दवाखान्यात पेनड्राइव्ह घेऊन गेले.

त्यात थोरल्या मुलीच्या, वैशालीच्या लग्नाचं चित्रण होतं. तिला पळस्प्याला दिलं, त्याला तीन वर्षं झाली.

सुरुवातीला हळद. डीजे वाजला, पडदा काळा. कोपऱ्यात बाटली दिसली, पडदा काळा. बाटली नव्हती, पण जिथे असते ते टेबल दिसलं, तरी काळा. काशीशेठ डोळे मिटून श्वास मोजत, चित्र हळूहळू उजळे, तेवढ्यात कोणीतरी ग्लास उचले. दर खेपेला ते थोडे पुढे सरकत. वहिनी म्हणाल्या, "लोकांची हळद एका दिवसात उतरते. यांची सहा आठवडे झाले, चालूच हाय." सातव्या आठवड्यात काशीशेठ पूर्ण हळद उजेडात पाहून बाहेर आले. डीजेसकट. त्या दिवशी त्यांनी जिन्यात परत नारळ फोडला.

पुढे चित्रणात लग्नाचा दिवस सुरू झाला आणि नवीन अडचण आली. मेव्हणा दिसला की पडदा काळा. पांडुरंग, वहिनींचा भाऊ. साधा, जाड मिशीचा माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो फेटा बांधताना दिसला, काळा. पाहुण्यांना पाणी देताना दिसला, काळा. आवाज नुसता मागून आला तरी चित्र मंदावे.

"मॅडम, याला कापता येतो काय चित्रातून?"

"नाही. मामा आहेत ते. आयुष्यात राहणारच."

"राहू दे. पण तोंड तरी झाका."

मॅडमनी तोंड झाकलं नाही. पुढचे तीन आठवडे काशीशेठनी मेव्हण्याशी झुंज दिली. परतताना गाडीत ते तक्रार करत, "बाटली सोपी. बाटलीला मिशी नसते." मला ते विनोदी वाटत होतं.

एका शुक्रवारी पडदा उजळलेला राहिला. तेव्हा मला दिसलं. नवरीच्या शेजारी पाटावर पांडुरंग आणि त्याची बायको बसले होते. भटजी मंत्र म्हणत होते. पांडुरंग कन्यादानाचं पाणी सोडत होता. निरावहिनी मागे एकट्या उभ्या होत्या.

मी हळूच विचारलं, "शेठ, तुम्ही कुठे आहात?"

"तेच बघायला आलोय."

त्यांना त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं. घरात त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

"घरी टीव्ही आहे. तिथे कधी लावलं नाहीत?"

"घरचा टीव्ही काळा होत नाय," ते म्हणाले. "सगळं एकदम दिसतं."

पाठवणी सुरू झाली. वैशाली आईच्या गळ्यात पडली, मामाच्या पाया पडली. मग गाडीकडे न जाता ती मांडवाच्या मागे चालू लागली आणि कॅमेरावालाही सवयीने तिच्या मागे गेला. मागे मांडववाल्याचा टेम्पो उभा होता. गुंडाळलेल्या सतरंज्यांवर काशीशेठ झोपले होते, तोंड उघडं, नवीन सदरा छातीपर्यंत वर गेलेला. वैशालीने तो खाली ओढून नीट केला. पायांना हात लावला. काही क्षण उभी राहिली. पांडुरंग मागून आला. त्याने खांद्यावरचा शेला काढला आणि काशीशेठच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे धरून ठेवला, गाडी सुटेपर्यंत.

पडदा शेवटपर्यंत उजळ होता. मॅडम आलेखाकडे बघत होत्या. 

काशीशेठनी तारा काढायच्या आधीच स्पीकरवर फोन लावला.

"पांडू. मनालीच्या लग्नात कन्यादानाला मी बसणार."

"बसा की दाजी. तुमचीच पोर हाय."

"तू मागं बस. माझ्या जवळ. हात थरथरला तर धर."

 पांडुरंगने काळजीच्या आवाजात विचारलं, "दाजी, घेतलीय काय?"

"नाय."

"मग असं कशाला बोलताव?"

काशीशेठनी फोन ठेवला.

मनालीची हळद झाली. काशीशेठ संध्याकाळभर मटणाच्या पातेल्यापाशी पळी घेऊन उभे होते आणि प्रत्येकाला दोनदा वाढत होते, म्हणजे कोणाला त्यांच्या हातात ग्लास द्यायला जागा राहू नये. दुसऱ्या दिवशी ते आणि वहिनी पाटावर बसले. वैशाली समोर होती. पांडुरंग मागे. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा काशीशेठचा हात थरथरला, चांगला दिसण्याइतका. पांडुरंगने खालून आपला तळवा लावला. पाणी सुटलं, भटजी पुढच्या विधीला वळले, तरी त्याने तो तसाच ठेवला होता, आणि काशीशेठनीही आपला हात काढून घेतला नव्हता.