सामंत मॅडमची माशी

सामंत मॅडमनी पुराच्या बोटीत चढता चढता बोटवाल्याच्या नाकासमोर पेन धरलं होतं. खोटं सांगत नाही. मांजर्लीत नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात घुसलेलं, कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या कडेवर मिक्सर, आणि या विचारतायत, "पेनाच्या टोकाकडे बघ रे बाळा. एक दिसतं की दोन?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, आधी बसा." बसल्या, आणि बसून झाल्यावर पुन्हा पेन काढलं.

मॅडम आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर एकच काम केलं. लोकांच्या दोन डोळ्यांना एकत्र बघायला शिकवायचं. त्या रिटायर झाल्या, पेन काही झालं नाही. हळदीकुंकवाला गेल्या तरी वाण देणारीचे डोळे तपासून येतात. बायका त्यांना बघून जिना बदलतात.

माझी गाठ पडली लिफ्टमध्ये, तिथून कुठे पळणार!

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर आहे, चौदा वर्षं. जीन्सला डबल शिलाई असते, शेजारी शेजारी दोन पिवळे दोरे. गेल्या वर्षी मला ते चार दिसायला लागले. जेवून मशीनवर बसलं की डोकं ठणकायचं आणि शिलाई वाकडी. चष्मेवाला म्हणाला, नंबर नाही. सासूबाई म्हणाल्या, मोबाईल. शेठ म्हणाला, "रेखा, दिवाली तक देखता हूँ. नहीं तो धागा कटिंग पे बैठ."

धागा कटिंग म्हणजे कात्री घेऊन लोंबणारे दोरे कापत बसायचं. ते काम नवीन पोरी करतात. मी शिकवलेल्या पोरी मशीनवर आणि मी खाली सतरंजीवर? त्या दिवशी लिफ्टमध्ये मी रडत होते, आणि समोर पेन आलं.

"एक की दोन?"

"दोन," मी नाक पुसत म्हटलं.

"वा!" मॅडमना लॉटरीच लागली. "चल वर."

आधी त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. बाकी काही बिघाड नाही असा कागद आल्यावर मग समजावलं. "दोन डोळे म्हणजे दोघी जावा. लांबचं बघताना गोडीनं नांदतात. जवळचं काम आलं की दोघींनी आत वळायला लागतं, तिथं तुझी एक जाऊ माहेरी निघते. म्हणून दोनाचे चार. व्यायाम कर, येईल परत. मेंदू कामचोर असतो, त्याला सोडायचं नाही."

व्यायाम काय, तर तीन मणी ओवलेली दोरी. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं माझ्या नाकाशी. मण्याकडे बघायचं. दोन्ही डोळे कामावर हजर असले तर एका दोरीच्या दोन दिसतात आणि बरोबर मण्यावर त्यांची फुली होते.

"म्हणजे बरी झाले तरी दोनच दिसणार?" मी म्हटलं. "मग आत्ता काय वाईट चाललंय?"

"मणी एकच दिसायला हवा. गप बस आणि बघ."

मी तशीच एक दोरी कारखान्यात मशीनला बांधली, चहाच्या सुट्टीत करायला. शेठ चमकला. "ये क्या टोटका बाँधा है?" मी काही बोलायच्या आत शेजारच्या दोघींनी आपापल्या मशीनला मणी बांधले, वर एकेक लिंबू. शेठनं गल्ल्यालाही बांधला. मॅडमना सांगितलं तर त्या हसण्याऐवजी म्हणाल्या, "लिंबू नको, जड होतं. दोरी ताणलेली हवी."

माझी फुली मात्र काही केल्या मण्याच्या पलीकडेच पडायची. दिवाळी जवळ आलेली. भीती वाटायला लागली तशी मी सरळ थापा मारायला लागले. मॅडमनी विचारलं रे विचारलं की मी म्हणायचे, "मण्यावर!" एकदा त्यांनी डोळे मिटायला लावले, मग म्हणाल्या, "उघड. फुली कुठाय?"

"मण्यावर!"

"अगं बये, बघतेस तरी का? डावा डोळा झाकलाय मी तुझा! एका डोळ्याला फुली दिसतच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी माझ्यासमोर बशीभर पोहे ठेवले. "खा, आणि पुन्हा बस. मण्यावर येईपर्यंत मी काही कुठे जात नाही."

रोज संध्याकाळी बसलो. फुली मुंगीच्या चालीनं अलीकडे येत होती. आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी, भर दुपारी, जेवून मशीनवर बसले तर पिवळे दोरे दोन. फक्त दोन! मी खिशाची शिलाई मारली, मग दुसरी, मग थांबलेच नाही. शेठनं पट्टी लावून बघितली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "आज से सँपल पीस तू ही बनाएगी." सँपल पीस कारखान्यातल्या सगळ्यात पक्क्या हाताकडे जातो. मी मशीनवर बसल्या बसल्या अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली.

संध्याकाळी मॅडमनी कपाटातून एक चित्रांचं पुस्तक काढलं. मला थ्रीडी सिनेमाला देतात तसला काळा चष्मा घालायला दिला. पानावर भली मोठी माशी होती.

"पंख चिमटीत धर."

मी हात पुढे केला आणि किंचाळले. पंख कागद सोडून वर आले होते! मी हवेतच चिमटी धरली. "मॅडम, घाला ना चष्मा तुम्हीपण, बघा किती वर आलीय!"

"मला नाही येत गं वर," त्या म्हणाल्या. "डावा डोळा लहानपणी तिरका होता माझा. घरचे म्हणाले, भाग्याचं लक्षण आहे, राहू दे. पुढे ऑपरेशननं सरळ झाला, पण दोन्ही डोळे एकत्र कधी लागलेच नाहीत. मला ती कागदावर सपाटच दिसते."

"एवढी वर्षं? एवढ्या लोकांना दाखवून?"

"लोक ओरडले की कळायचं, आली वर." त्या हसल्या आणि आपलं बोट पुढे केलं. "कुठपर्यंत येते, नेऊन ठेव बघू."

मी त्यांचं बोट धरून हवेत पंखाच्या टोकाशी नेऊन ठेवलं. त्या बराच वेळ तसंच धरून बसल्या.

"इतकी वर?"

"इतकी वर, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटायला लागल्या. "झालं तुझं. उद्यापासून सुट्टी."

"सुट्टी कसली? पुढच्या पानांवर काय आहे?"

"प्राणी आहेत. गोल आहेत."

मी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं, पान उलटलं आणि म्हटलं, "आणा बोट इकडे."