अण्णांना ट्रस्ट हवा होता

अण्णांच्या हॉलमधला सोफा कधीच मोडीत गेला होता. तिथे आता चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्यांचा भारा आणि एक कमोडची खुर्ची होती (पाहुणे नेमके तिच्यावरच बसत). अण्णांची बायको निवृत्त नर्स. शेजारीपाजारी कुणी घसरून पडलं की ती यातलं हवं ते फुकट वापरायला द्यायची. एकदा भांडी विसळताना ती म्हणाली, आपल्यामागे हे कोण बघणार? अण्णांनी तिथल्या तिथे ठरवलं, घर आणि सामान मिळून ट्रस्ट करायचा. अर्थात गुपचूप. तिला चकित करायचं होतं.

त्यांनी ऑफिसातल्या जुन्या मित्राला विचारलं, घराबद्दलचं काम आहे, बायकोला कळता कामा नये, वकील सुचव. मित्राने खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाईंकडे बाहेर बसलेली माणसं डोळे पुसत होती. दान देताना माणूस हळवा होतो, असा अण्णांनी अर्थ लावला.

"काय हवंय तुम्हाला?" वकीलबाईंनी विचारलं.

"ट्रस्ट."

"तो उरला नाही म्हणूनच लोक माझ्याकडे येतात. कधीपासून चाललंय हे?"

"ती निवृत्त झाल्यापासून. आधी एकच आणला होता. मग लोक आपणहून आणून सोडायला लागले."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कसला, मी स्वतः पुसूनबिसून ठेवतो त्यांना."

घर तिलाच चालवू द्या, पण तिला इतक्यात सांगू नका, असंही अण्णा म्हणाले. असा मोठ्या मनाचा नवरा बाईंनी घटस्फोटांच्या उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. हा संसार वाचवायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं आणि समेटासाठी दोघांना बोलावण्याचा फोन थेट अण्णांच्या घरी केला. तो उचलला बायकोने, आणि बाईंचा संशय शेवटपर्यंत ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंसमोर ती अण्णांच्या शेजारी ताठ बसली. "मी घरात काय आणलं, ते एकदा या बाईंना सांगा," ती अण्णांना म्हणाली.

"वॉकर," अण्णा म्हणाले.

वकीलबाई इतक्या हसल्या की बाहेर रडणारी माणसं डोकावून गेली. बायकोलाही हसू आवरेना. पण 'तुम्ही घर द्यायला निघाला होतात?' असं तिने दोनदा विचारलं.

ट्रस्टचे वकील त्याच इमारतीत खाली बसायचे. त्यांनी आनंदाने मसुदा केला. बायको अध्यक्ष, तिच्या दोन मैत्रिणी विश्वस्त.

"आणि मी?" अण्णांनी विचारलं.

"यांना साक्षीदार ठेवा, अक्षर चांगलं आहे," बायको म्हणाली.

वकील अडखळले. म्हणाले, घर देणारा साक्षीदार चालत नाही, शिवाय साक्षीदाराला निदान समोर काय चाललंय ते कळलेलं बरं. मग दोघांनी अण्णांकडे पाहिलं, आणि साक्षीदाराच्या सहीसाठी वर वकीलबाईंना बोलावणं गेलं.